पायातली कळ जाते आणि महिन्याभरात परत येते : सायटिका नेमका कुठे अडलाय ते शोधायची माझी पद्धत

सायटिका म्हणजे कंबरेतून निघून पायात जाणाऱ्या नसेचं दुखणं. आधी लक्षणं. यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढे वाचा.

कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो. कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीत, कधी घोट्याखाली पार अंगठ्यापर्यंत एक रेघ मारल्यासारखं दुखणं. करंट लागल्यासारखी चमक, किंवा आग, किंवा मुंग्या, नाहीतर मोजा घातलाय असं बधीर. शिंक आली की पायात सटकन कळ. टू-व्हीलरवर किंवा खुर्चीत वीस मिनिटं बसलं की वाढतं, उठून चार पावलं टाकली की जरा सुटतं. आणि मुख्य म्हणजे दहा दिवस मशीनचा शेक, गोळ्या, पट्टा, सगळं केलं, बरं वाटलं, आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा जैसे थे.

मी तालुक्याच्या गावात चौदा वर्षं फिजिओथेरपी करतेय. "नस दबलीय", "शीर आखडलीय", "गादी सरकलीय" ही तीन वाक्यं दिवसातून किती वेळा ऐकते त्याचा हिशोब नाही. (आपल्याकडे शीर म्हणजे रक्ताचीही आणि वेदनेचीही, त्यामुळे अर्धे लोक विचारतात की मॅडम रक्त साकळलंय का. मी खाली नस म्हणतेय ती करंट वाहून नेणारी वायर, रक्ताची नळी नव्हे. आणि गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती.) दुखणं परत येतं त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, नस चिडलीय का, तिचा करंट तुटलाय का, का नसेचा मुळात संबंधच नाही, हे कोणी तपासलेलंच नसतं. तिघांनाही तोच शेक आणि तोच स्ट्रेच.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. लघवी अडकलीय किंवा कळेनाशी झालीय, संडासवर ताबा नाही, जिथे सायकलची सीट टेकते ती जागा बधीर आहे, दोन्ही पाय एकदम लुळे पडतायत, यातलं काहीही असेल तर हा लेख बंद करा आणि हॉस्पिटल गाठा. शेवटी सविस्तर लिहिलंय.

पहिली तपासणी : कागद आणि पेन, खर्च शून्य

माणसाचं पुढून-मागून चित्र काढा, गिचमिड चालेल, आणि जिथे जिथे दुखतं तिथे रंगवा. दुखण्याला एक खूण, मुंग्यांना दुसरी, बधीरपणाला तिसरी. मी हे प्रत्येक पेशंटकडून करून घेते आणि लोकांना वाटतं मॅडम टाइमपास करतायत. पण तोंडाने "पूर्ण पाय दुखतो" म्हणणारा माणूस कागदावर बरोबर एक पट्टा काढतो. नडगीच्या आतल्या बाजूने आला तर कंबरेच्या चौथ्या मणक्याची नस, नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे गेला तर पाचव्याची, टाच-तळवा-करंगळीकडे गेला तर त्याच्या खालची, माकडहाडाच्या वरच्या हाडातून निघणारी पहिली. शंभर टक्के असंच असतं असं नाही, प्रत्येकाची वायरिंग थोडी वेगळी, पण दिशा मिळते.

आणि चित्र दुसरंच निघालं तर फारच उत्तम, कारण तिथेच अर्धं काम होतं. दोन्ही पायांना मोजे घातल्यासारखं, बोटांपासून सुरू होऊन वर चढणारं असेल तर कंबरेच्या मागे लागूच नका, आधी शुगर बघा, मग बी-१२. आपल्याकडे शाकाहारी मंडळी भरपूर आणि वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेणारेही भरपूर, दोन्हीत बी-१२ कमी होऊ शकतं आणि पायाची आग होते, त्याला कितीही ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ओढणं) लावलं तरी काय होणारे? फक्त मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढी जागा जळतेय, बधीर आहे, पण गुडघ्याखाली काही नाही आणि ताकद चांगली, तर ती कंबरेच्या पट्ट्याखालून जाणारी चामडीची एक बारकी नस असते. पुरुषांमध्ये घट्ट बेल्ट आणि सुटलेलं पोट, बायकांमध्ये परकराची नाडी. एका काकूंना मी फक्त नाडी सैल बांधायला आणि गाठ जागा बदलून मारायला सांगितलं होतं, तीन आठवड्यात फरक. त्यांनी फी देताना जरा नाराजीच दाखवली की एवढ्यासाठीच का.

एकाच बाजूला पट्टा, भयंकर आग, कपडा लागलेला सहन होत नाही आणि दोन-चार दिवसांत तिथे पाण्याचे फोड, तर ती नागीण. पायातही येते. दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो वगैरे काही नसतं, ती एका नसेचा रस्ता धरून येते म्हणून बहुतेक वेळा एकाच बाजूला राहते. पण औषध फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेलं चांगलं, म्हणून मंतरून घेण्यात दिवस घालवू नका.

दुसरी : कधी वाढतं, आणि वाढल्यावर शांत व्हायला किती वेळ लागतो

हा दुसरा अर्धा प्रश्न कोणी विचारत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. पाच मिनिटं बसल्यावर कळ सुरू होते आणि उठल्यावर तासभर राहते, तर नस भडकलेली आहे. अशा माणसाच्या टेस्टसुद्धा पूर्ण करायच्या नाहीत, पाय जरा उचलला की थांबायचं, नाहीतर रात्रभर त्याला झोप नाही आणि दुसऱ्या दिवशी तो तुमच्याकडे येत नाही. उलट दोन तास बसल्यावर दुखतं आणि उभं राहिल्यावर मिनिटात जातं, तर त्याला बिनधास्त व्यायाम द्या, घाबरायचं कारण नाही.

बसल्यावर आणि वाकल्यावर वाढतं, चालल्यावर सुटतं, हा तरुण आणि मध्यमवयीन माणसाचा गादीवाला प्रकार. साठीच्या पुढे बरोबर उलटं. चालताना पाय भरून येतात, जड होतात, बसलं किंवा पुढे वाकलं की सुटतात. सायकल कितीही चालवतील पण पायी बाजारापर्यंत जाता येत नाही. ते मणक्यातली वाट अरुंद झाल्याचं लक्षण. आमच्याकडे दरवर्षी वारीच्या आधी असे आजोबा येतात, काठी टेकून जरा वाकून चाललं की जमतं म्हणतात, आणि त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर असतं. पण इथे एक फसवं दुखणं आहे. चालल्यावर पोटरीत गोळा येतो आणि नुसतं उभं राहिलं, न वाकता न बसता, तरी दोन मिनिटांत जातो, तर नसेपेक्षा रक्तपुरवठ्याचा संशय घ्या. विशेषतः तंबाखू, विडी, मिशेरी असेल तर. पावलाच्या वरच्या बाजूला नाडी लागते का बघा, लागत नसेल तर डॉक्टरकडे, फिजिओकडे नाही.

तिसरी : खिसा, खुर्ची, मांडी घालणं, उकिडवं बसणं

मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट काढा. हसू नका, एसटीचे ड्रायव्हर, वसुलीवाले, दिवसभर बाईकवर फिरणारे यांच्यात हे मी कितीदा पाहिलंय. पाकिटावर आठ तास बसायचं आणि कुल्ल्यात दुखतं म्हणून मलम चोळायचं!

उकिडवं बसण्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण त्यात एक बाई ऑपरेशनपर्यंत पोचल्या होत्या. हळदीच्या रानात आठवडाभर खुरपणी, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, उकिडवं. रविवारी उठल्या तर उजवं पाऊल वर उचलेना, चालताना फरफटायला लागलं, चप्पल निसटायची. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यात गादी बाहेर आलेली. झालं, सगळ्यांनी ठरवून टाकलं की तीच गादी. माझ्याकडे आल्या तेव्हा मी दोन गोष्टी केल्या, दोन मिनिटं लागली. एक, पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगून हाताने अडवलं, ताकद एकदम भक्कम. कंबरेतून पाचवी नस गेली असती तर हीसुद्धा ताकद कमी व्हायला हवी होती, आणि कुशीवर झोपून पाय वर उचलायचीही. तीही चांगली. दोन, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला खाली जे हाडाचं बोंड लागतं त्याच्या मानेवर बोटाने टिचकी मारली, तशी पावलाच्या वरच्या बाजूला झिणझिणी आली आणि त्या "आई गं" म्हणाल्या. नस तिथे हाडावरून वळसा घेते, वर फक्त कातडी, उकिडवं बसलं की दाबली जाते. कंबरेचा संबंध नव्हता. खुरपणी बंद, पाऊल वर धरणारा स्प्लिंट, बसायला पाट, आणि वाट बघणं. नसेचा धागा तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, घाई करून उपयोग नसतो. त्यांचं पाऊल तिसऱ्या महिन्यात उचलायला लागलं.

याच जागेवर नस दोरीसारखी जाड लागत असेल आणि अंगावर कुठे फिकट, बधीर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. लोकांना वाटतं हा आजार आनंदवनाच्या जुन्या फोटोंमध्येच राहिला. २००५ च्या शेवटी आपल्याकडे निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं त्याचा अर्थ देशपातळीवर दहा हजारात एकापेक्षा कमी पेशंट, शून्य असा नाही. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, लवकर सुरू केलं तर हातपाय वाचतात.

चौथी : ताकद, कापूस, चमचा

घरी करता येईल अशी. टाचांवर दहा पावलं चाला. मग भिंतीला हात टेकून एका पायाच्या चवड्यावर दहा वेळा उठा, आधी चांगल्या पायाने, मग दुखऱ्या. अंगठा वर करून दुसऱ्याला दाबायला सांगा. दुखतंय म्हणून होत नाही आणि ताकदच नाही म्हणून होत नाही यातला फरक बघा. दुखणारा माणूस तोंड वाकडं करून का होईना एकदा तरी करतो, ताकद गेलेल्याची टाच जमिनीवरून हलतच नाही.

मग कापसाचा बोळा, टूथपिक, आणि स्टीलचे दोन चमचे, एक फ्रिजमधला, एक कोमट पाण्यातला (उकळत्या नाही हो, बधीर कातडी भाजते आणि कळतही नाही). डोळे मिटून दोन्ही पायांची तुलना. कापूस जाड तारांचा हिशोब सांगतो, टूथपिक आणि थंड-गरम बारीक तारांचा. नुसता कापूस लावून "सगळं नॉर्मल" लिहून देणाऱ्यांना बारीक तारांचं नुकसान दिसतच नाही, आणि आग होणाऱ्या पेशंटला आपण "काही नाही तुम्हाला" म्हणून घरी पाठवतो. फिजिओ किंवा डॉक्टर असाल तर हातोडी घेऊन गुडघ्याचा आणि घोट्याचा झटकाही बघा. मी नवीन होते तेव्हा गर्दीत हातोडी काढायचा कंटाळा करायचे, आता पहिल्या दिवशी करतेच, कारण पुढच्या आठवड्यात तुलना कशाशी करणार?

या तपासणीतून दोन गट पडतात. एकात संवेदना आणि ताकद जागच्या जागी, फक्त नस हात लावू देत नाही, ती चिडलेली नस. दुसऱ्यात काहीतरी गेलंय, बधीरपणा, ताकद, झटका. चिडलेल्या नसेला हालचाल देऊन शांत करता येतं. दुसऱ्या गटात दर आठवड्याला मोजायचं, आणि कमी होत चाललं तर पुढे पाठवायचं. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, बऱ्याचदा असतात.

पाचवी : मान वर केली तर पाय सुटतो का?

माझी सगळ्यात आवडती टेस्ट, आणि पेशंटच्या चेहऱ्यावर बघण्यासारखं असतं. उंच पलंगावर बसवायचं, हात मागे, पाठ सैल सोडून पोक काढायला सांगायचं, हनुवटी छातीला. मग दुखरा पाय गुडघ्यातून हळूहळू सरळ. मांडीमागे कळ आली, थांबा. आता बाकी काहीही न हलवता फक्त मान वर करा. कळ कमी झाली?

मांडीमागचा स्नायू मानेपर्यंत जात नाही. मान वर केल्याने तो सैल पडायचं काही कारणच नाही. पण मेंदूपासून अंगठ्यापर्यंत नसांची यंत्रणा एकसलग आहे, साडीच्या पदराला ओढ दिली की निऱ्यांपर्यंत जाणवतं तसं. म्हणून मानेने पायातली कळ बदलली तर नसेचा हात आहे असं समजायचं. आता एक सावधगिरी, हे निरोगी माणसालाही थोडं ताणल्यासारखं वाटतंच. पॉझिटिव्ह कधी म्हणायचं, तर त्याची स्वतःची ओळखीची कळ आली, दुसऱ्या पायापेक्षा वेगळी आली, आणि मानेने बदलली. तिन्ही. ही टेस्ट ऑस्ट्रेलियाच्या मेटलंड नावाच्या फिजिओने १९७९ साली मांडली.

उताणं झोपून सरळ पाय उचलायची जुनी टेस्ट तर सगळ्यांना माहितीये, ३० ते ७० अंशांत कळ आली तर अर्थ आहे. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली तर गादीचा संशय बराच पक्का होतो. तसं बऱ्याच जणांत होत नाही, पण झालं तर दुर्लक्ष करू नका.

इथे माझी एक चूक सांगते. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक शिक्षक आले होते, पाय ४० अंशांवर अडायचा. मी म्हटलं हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, टाइट आहे, टॉवेल पायाला अडकवून रोज ओढा. माणूस शिस्तीचा, रोज पहाटे टाच कॉटच्या दांडीवर ठेवून पोलीस भरतीच्या पोरांसारखा तीस-तीस सेकंद ताणायचा. ताणताना बरं वाटायचं, संध्याकाळी ठणका. तीन महिने! मला वाटायचं अजून ताणायला हवं. १९७३ साली सशाच्या पायाच्या नसेवर मोजलं होतं, नस तिच्या लांबीच्या आठ टक्के ताणली की तिच्यातलं रक्त अडायला लागतं, पंधरा टक्क्यांना पूर्ण थांबतं. आधीच सुजलेल्या, रक्ताला आसुसलेल्या नसेला मी रोज तेच करायला लावत होते. त्यांचं हॅमस्ट्रिंग टाइट नव्हतंच, ते नसेचं राखण करत होतं. ताणणं बंद केल्यावर दहा दिवसांत ते वर्गात उभं राहून शिकवायला लागले, मी वेगळं काहीच दिलं नव्हतं.

सहावी : पालथं झोपून बघा

बसल्या-वाकल्यावर वाढणारा प्रकार असेल तरच. पालथं दोन मिनिटं, मग कोपरांवर, मग हातांवर रेटून छाती वर, कंबर सैल, आठ-दहा वेळा. बघायचं एकच, दुखणं कुठे सरकतं. पोटरीतलं दुखणं मांडीत आलं, मांडीतलं कुल्ल्यात आलं, तर चांगली बातमी, भले कंबर थोडी जास्त दुखली तरी. उलट खाली घसरलं, पाऊल बधीर व्हायला लागलं तर लगेच बंद. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये मॅकेन्झी नावाच्या फिजिओचा एक पेशंट चुकून डोक्याची बाजू वर केलेल्या टेबलवर पालथा पडून राहिला आणि उठल्यावर म्हणाला, पायाचं दुखणं गेलं. मॅकेन्झी आधी घाबरला होता म्हणतात. तिथून ही पद्धत निघाली. साठीपुढच्या, वाकल्यावर बरं वाटणाऱ्या आजोबांना हे देऊ नका, त्यांना गुडघे पोटाशी घेणं मानवतं.

जांघेत दुखतंय आणि मांडी घालताना अडतंय तर खुबा तपासा. सायटिका म्हणून वर्षभर फिरलेले खुब्याचे पेशंट मी पाहिलेत.

सातवी, खर्चिक : एमआरआय आणि नसांचा करंट मोजायची टेस्ट

मुद्दाम शेवटी ठेवलीय. एमआरआय वाईट नाही, पण पहिल्या आठवड्यात काढला तर तो गोंधळच वाढवतो. ज्यांना काहीच दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ साली अभ्यास आला होता, विशीतल्या ३० टक्के लोकांत गादी फुगलेली आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांत. म्हणजे रिपोर्टमध्ये "बल्ज" लिहून आलं म्हणजे तोच चोर असं नाही, वरच्या हळदवाल्या बाई आठवा. कागदावरचं चित्र, ताकद आणि रिपोर्ट एकाच मणक्याकडे बोट दाखवतायत का ते बघायचं. आणि मोठी बाहेर आलेली गादी बघून रडू नका, मोठे तुकडे बऱ्याचदा शरीरच हळूहळू शोषून घेतं, लहान बल्जपेक्षा जास्त.

मग गादी तशीच असताना दुखणं कमी कसं होतं? १९९१ साली अमेरिकेत काही सर्जननी जागेवर भूल देऊन, पेशंट जागा ठेवून मणक्याची ऑपरेशनं केली आणि आत एकेका भागाला स्पर्श करून विचारलं, कुठे दुखतं. पायातली ती खास कळ फक्त सुजलेल्या, ताणलेल्या किंवा दबलेल्या नसेला लावल्यावर आली, निरोगी नसेला लावून नाही. म्हणजे सूज उतरली की तीच गादी तिथेच बसून राहते आणि माणूस चालायला लागतो. नसांची करंट टेस्ट ताकद गेली असेल आणि जागा कळत नसेल तेव्हा करायची, पण सुईवाली टेस्ट दोन-तीन आठवडे झाल्याशिवाय नीट बोलत नाही, दुसऱ्या दिवशी करून पैसे घालवू नका.

मग करायचं काय

भडकलेली असेल तर पहिले काही दिवस तिला जागा द्या. कुशीवर, दुखरा पाय वर, गुडघ्यात उशी. किंवा उताणं, पोटऱ्या खुर्चीवर. पण आठवडाभर अंथरुणात नाही, दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून घरातल्या घरात चाला. शेक आवडत असेल तर घ्या, त्याने नस बरी होत नाही पण स्नायू सैल पडतो, झोप लागते. तेल जिरवणं, जोरात रगडणं, पाठीवर पाय देणं हे नको. गोळ्या डॉक्टरांशी बोलून. एवढंच सांगते की नसेची म्हणून सर्रास दिली जाणारी प्रीगाबालिन २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत सायटिकासाठी नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही आणि चक्कर मात्र जास्त आली. चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, विचारून कमी करा.

मग नस सरकवणं. ताणणं वेगळं, सरकवणं वेगळं. खुर्चीत ताठ बसा. गुडघा सरळ करताना मान वर छताकडे, गुडघा वाकवताना हनुवटी खाली. एका टोकाला ओढ दिली की दुसऱ्या टोकाने सोडली, परकराच्या नेफ्यातून नाडी इकडून तिकडे ओढतो तसं. न थांबता, झोके दिल्यासारखं दहा वेळा, दिवसातून तीनदा. करताना थोडी ओढ जाणवली आणि पाच मिनिटांत शांत झाली तर चालेल, अर्ध्या तासाच्या पुढे रेंगाळली तर पाय कमी सरळ करा. गुडघा सरळ आणि मान खाली एकाच वेळी करू नका, तो ताण झाला, ते खूप नंतर आणि दाखवून घेतल्यावरच.

आणि परत का येतं? कारण कळ गेली की लोक इथेच थांबतात. दहाव्या दिवशी मशीन बंद, अकराव्या दिवशी सिलिंडर उचलला. स्नायू तर मधल्या काळात ढिले पडलेले असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ब्रिज (उताणं झोपून, गुडघे वाकवून कुल्ले वर उचलणं), खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, चवड्यांवर उठणं, मग बादली उचलणं, अर्धी, पाऊण, पूर्ण. चालणं दहा मिनिटांपासून वाढवत अर्धा-पाऊण तास. बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत बराच सुधारतो, पण ताकदीचं काम त्यानंतरही दोन-तीन महिने चालू ठेवावं लागतं, आणि हे मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. शुगर, झोप आणि तंबाखू यांचा हिशोब त्यात धरा.

कुठे थांबायचं

सहा आठवडे नीट करूनही तसूभर फरक नाही, ताकद आठवड्यागणिक कमी होतेय, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुठल्याच स्थितीत न सुटणारं दुखणं, ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झालेला, पडल्यानंतर सुरू झालेलं, यातलं काही असलं की घरचे उपाय बंद आणि डॉक्टर. मणक्याचा टीबी आपल्याकडे दुर्मिळ नाही. पाऊल अचानक लुळं पडलं तर त्याच दिवशी दाखवा, "सोमवारी बघू" नाही.

लघवी-संडासचं जे वर लिहिलं ते मात्र रात्री दोन वाजता असलं तरी. खालच्या सगळ्या नसांचा जुडगा एकदम दबला की तास मोजायचे असतात, ४८ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं बरं, ऑपरेशन झालं तर लघवीचा ताबा परत यायची शक्यता जास्त. लाजेपायी हे सांगत नाहीत लोक, बायका तर नाहीच. जिथे न्यूरोसर्जन किंवा मणक्याचा सर्जन आणि एमआरआय दोन्ही आहे अशा हॉस्पिटलमध्ये जा, वाटेत छोट्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी परत फिरू नका. तिथे गेल्यावर "कंबर दुखतेय" म्हणू नका, रांगेत बसवतील. "कंबरेच्या दुखण्यात लघवी अडकलीय आणि बसायची जागा बधीर आहे" एवढंच, याच शब्दांत सांगा. आणि शेवटची लघवी नीट किती वाजता झाली ती वेळ कागदावर लिहून न्या, पहिला प्रश्न तोच विचारतील.